कॉम्प्युटर नवा येईल, घरचे कागद कुठून आणणार?

घरातला कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप बंद पडला की आधी पैशांचा विचार येतो. दुरुस्तीला किती लागतील, नवा घ्यावा का, चंद्रपूरला न्यावा की नागपूरला? त्यानंतर कुणाला तरी आठवतं, की मुलीची टीसी, अब्बूंचा जातीचा दाखला, घराच्या खरेदीखताचे स्कॅन, निकाहनामा आणि पंधरा वर्षांचे फोटो सगळे त्यातच होते. मशीन बाजारात पुन्हा मिळते. आत काय होतं, ते बाजारात मिळत नाही.

आपल्या समाजाला याची जाणीव गेल्या वर्षी एका वेगळ्या कारणाने झाली. केंद्र सरकारने ६ जून २०२५ रोजी 'उमीद' पोर्टल सुरू केले आणि वक्फ मिळकतींची माहिती सहा महिन्यांत त्यावर भरायला सांगितले. मशीद, कब्रस्तान, ईदगाह यांच्या कमिट्यांना जुने कागद शोधून काढावे लागले. घरातही तेच होतं. शिष्यवृत्तीचा अर्ज असो, पासपोर्ट असो की वारसाची नोंद, कागद मागितला जातो तेव्हा मुदत कमीच असते. म्हणून गोंडपिपरीसारख्या ठिकाणी घरचा कॉम्प्युटर कसा वापरावा, सॉफ्टवेअर कोणते घ्यावे, सुरक्षा कशी ठेवावी आणि फाइली कुठे साठवाव्यात, हे आम्ही या लेखात एकत्र मांडत आहोत. कसोटी एकच ठेवली आहे: उद्या सकाळी मशीन सुरूच झाले नाही, तर घरचे कागद हातात राहतील का?

आपल्या भागाची अडचण वेगळी आहे

पुण्या-मुंबईसाठी लिहिलेला सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही. गोंडपिपरी तालुका वर्धा आणि वैनगंगा या दोन नद्यांच्या बेचक्यात आहे. जुलै २०२२ च्या पुराने चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. घरात पाणी शिरलं तर कपाटातला मूळ कागद, टेबलावरचा कॉम्प्युटर आणि ड्रॉवरमधला पेनड्राइव्ह एकाच दिवशी जातात.

दुसरी गोष्ट विजेची. आपल्याच जिल्ह्यात २,९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आहे, तरी वादळात झाड पडलं की गावाची लाइन जातेच. फाइल सेव्ह होत असताना वीज गेली तर ती फाइल अर्धवट राहते, कधी कधी हार्ड डिस्कच खराब होते. डेस्कटॉप असेल तर छोटा यूपीएस घ्याच. सिनेमा पाहायला त्याचा उपयोग नाही, पण काम सेव्ह करून मशीन नीट बंद करायला पाच-दहा मिनिटं मिळतात. विजा कडकडायला लागल्या की नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग बोर्डातून काढा आणि इंटरनेटची तारही मशीनमधून काढा, कारण विजेचा झटका त्या तारेतूनही येतो.

तिसरी गोष्ट उन्हाची. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या खोलीत वापरण्यासाठी बनवलेले असतात. म्हणून भर दुपारी गादीवर किंवा उशीवर लॅपटॉप ठेवून तासन्‌तास काम करू नका, खालची जाळी बंद होते. पंख्याजवळ, कडक पृष्ठभागावर ठेवा. पत्र्याच्या खोलीत हार्ड डिस्क ठेवू नका.

सॉफ्टवेअर: फुकटचं आणि चोरीचं यात फरक आहे

अनेक घरांत विंडोज आणि ऑफिस 'क्रॅक' करून टाकलेलं असतं. दुकानदार दोन-तीनशे रुपयांत टाकून देतो आणि कॉम्प्युटर चालतोही. अडचण अशी, की क्रॅक करणारी फाइल चालवताना अँटिव्हायरस बंद करायला सांगितलं जातं. घराचं कुलूप काढून अनोळखी माणसाला आत घेण्यासारखंच हे आहे. तो काय ठेवून गेला ते आपल्याला दिसत नाही. शिवाय असं विंडोज अपडेट होऊ नये म्हणून अपडेटही बंद करून ठेवतात.

अपडेटचं महत्त्व २०१७ साली जगाने पाहिलं. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा व्हायरस पसरला. तो फाइलींना कुलूप लावायचा आणि किल्लीसाठी पैसे मागायचा. १५० हून अधिक देशांतले कॉम्प्युटर त्यात सापडले, ब्रिटनमधल्या सरकारी दवाखान्यांचं काम थांबलं. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच्या दोन महिने आधी, मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी ते घेतलं नव्हतं त्यांचं नुकसान झालं.

आता विंडोज १० वापरणाऱ्यांनी लक्ष द्यावं. त्याची नेहमीची अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. मशीन त्यानंतरही सुरू होतं, म्हणून अनेकांना हे कळलेलंच नाही. तुमच्यापुढे तीन वाटा आहेत.

पहिली वाट विंडोज ११ ची. अपडेटच्या पानावर तुमचं मशीन त्याला चालतं का ते दिसतं. साधारणपणे २०१८ च्या आधीच्या मशीनवर ते अधिकृतपणे बसत नाही. जबरदस्तीने बसवून घेण्याच्या भानगडीत पडू नका.

दुसरी वाट मुदतवाढीची. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची अपडेट्स देण्याची सोय केली. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप सुरू ठेवला तर त्याला पैसे लागत नाहीत. ही तात्पुरती सोय समजा.

तिसरी वाट लिनक्सची. लिनक्स मिंट किंवा उबुंटू हे पूर्णपणे मोफत आणि कायदेशीर आहेत, आणि चार जीबी रॅमच्या जुन्या मशीनवरही बऱ्यापैकी चालतात. केरळच्या सरकारी शाळांत मुलं अनेक वर्षांपासून असल्याच मोफत सॉफ्टवेअरवर शिकतात, तेव्हा हे फक्त इंजिनिअरचं काम आहे असं मानू नका. लिनक्स पेनड्राइव्हवरून सुरू करून पाहता येतं, आवडलं तरच मशीनवर टाका. मात्र टाकताना हार्ड डिस्क पुसली जाऊ शकते, म्हणून फाइलींची कॉपी आधी बाहेर काढा. घरात कुणी टॅली वापरत असेल किंवा एमएससीआयटीचा सराव करत असेल, तर त्याच्यासाठी विंडोज राहू द्या.

ऑफिसच्या जागी लिबरऑफिस घ्या. पत्र, हिशोब, प्रेझेंटेशन सगळं त्यात होतं, मराठीतही ते मिळतं आणि वर्डच्या फाइली त्यात उघडतात. मांडणी थोडीफार हलते, म्हणून पत्र कुणाला पाठवायचं तेव्हा पीडीएफ करून पाठवा. व्हिडिओसाठी व्हीएलसी, फाइली गुंडाळण्यासाठी सेव्हन-झिप. डाउनलोड मात्र त्या त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या साइटवरूनच करा. गुगलवर शोधल्यावर सगळ्यात वर जी जाहिरात दिसते, तिथे नकली साइट असू शकते.

मराठी आणि उर्दू फाइलींचा प्रश्न

हा मुद्दा इंग्रजी लेखांत सापडणार नाही, पण आपल्या घरांत तो आहेच. पूर्वी मराठी टायपिंग कृतिदेव किंवा श्रीलिपीत व्हायचं. या फाँटमध्ये कॉम्प्युटरच्या दृष्टीने इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फाँटमुळे ती मराठी दिसतात. फाँट गेला की अर्ज, वंशावळ, जमातीचा जुना हिशोब, सगळं अगम्य चिन्हांत बदलतं. उर्दूत जुन्या इनपेजच्या फाइलींची हीच गत आहे. ते सॉफ्टवेअर नसलेल्या मशीनवर फाइल उघडतच नाही.

उपाय असा: जुनी फाइल जिथे नीट दिसते त्याच मशीनवर आधी तिची पीडीएफ करून घ्या. म्हणजे निदान वाचायला तरी कायम राहील. पुढे बदल करायचे असतील तर मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. इंटरनेटवर त्यासाठी कन्व्हर्टर आहेत, पण त्यांत जोडाक्षरं चुकतात. विशेषतः नावं आणि आकडे मुळाशी ताडून पाहा. एक अक्षर चुकलं तरी पुढे दाखल्यात घोळ होतो. नवं सगळं काम युनिकोडमध्येच करा. मोबाइलवर आपण मराठी किंवा उर्दू लिहितो ते युनिकोडच असतं.

सुरक्षा: चोर बहुधा दारातूनच येतो

घरच्या कॉम्प्युटरवर कुणी फार हुशार हॅकर बसून हल्ला करत नाही. बहुतेक वेळा आपणच दार उघडतो. २०२४ च्या अखेरीस हिमाचल प्रदेशच्या पोलिसांनी व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या लग्नपत्रिकेबद्दल इशारा दिला होता. पत्रिका म्हणून येणारी फाइल खरं तर एपीके, म्हणजे मोबाइलचं अॅप असते. ती टाकली की फोनमधली माहिती आणि एसएमएस दुसऱ्याच्या हाती जातात. दावतनामा फोटो किंवा पीडीएफमध्ये येतो, तो 'इन्स्टॉल' करावा लागत नाही. हे वाक्य घरातल्या मोठ्यांना नीट समजावून सांगा.

कॉम्प्युटरवरही असाच खेळ चालतो. फाइलीचं नाव 'पत्रिका पीडीएफ' दिसतं, पण शेवटी लपलेलं शेपूट ईएक्सई असतं. विंडोजमध्ये फोल्डर उघडून 'व्ह्यू' मध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' ला टिक करा, म्हणजे शेपूट दिसेल.

झेरॉक्सच्या दुकानातून आलेला पेनड्राइव्ह लावला आणि सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले, हा अनुभव अनेकांना आहे. घाबरून पेनड्राइव्ह फॉरमॅट करू नका, आणि त्या शॉर्टकटवर क्लिकही करू नका. बहुतेक वेळा फाइली आतच असतात, व्हायरसने फक्त लपवलेल्या असतात. आधी अँटिव्हायरसने तपासा. मग 'फोल्डर ऑप्शन्स' मध्ये लपलेल्या फाइली दाखवा आणि 'प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' लपवण्याची टिक काढा. फाइली दिसल्या की कॉपी करून घ्या. पुढच्या वेळी दुकानात नेण्यासाठी एक वेगळा, रिकामा पेनड्राइव्ह ठेवा आणि त्यात फक्त छापायची फाइल घाला. सगळ्या घराचे कागद असलेला ड्राइव्ह दुकानात कधीच नेऊ नका.

अँटिव्हायरस विकत घ्यावाच लागतो असं नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर आधीच आहे. अपडेट चालू असेल तर घराला तो पुरतो. दोन-दोन अँटिव्हायरस एकत्र टाकले तर मशीन मंदावतं. व्हायरस शिरल्याचा संशय असेल तर केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर सफाईची मोफत साधनं मिळतात.

सेवा केंद्रात किंवा कॅफेत आधार डाउनलोड केलं तर काम झाल्यावर ती फाइल डाउनलोड्समधून आणि रिसायकल बिनमधूनही काढा. ई-आधारचा पासवर्ड नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष असा असतो, म्हणजे तुमचं नाव-वय माहीत असलेला कुणीही तो उघडू शकतो. जिथे पूर्ण नंबर लागत नाही तिथे 'मास्क्ड आधार' द्या. त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात.

ईमेलचा पासवर्ड सगळ्यात महत्त्वाचा, कारण बाकी सगळे पासवर्ड त्याच ईमेलवरून बदलता येतात. तो इतर कुठेही वापरू नका आणि दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा. पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवला तर हरकत नाही. इंटरनेटवरचा चोर तुमचं कपाट उघडत नाही. उलट आमच्या पाहण्यातली मोठी अडचण अशी, की घरातला शिकलेला मुलगा हैदराबादला किंवा नागपूरला जातो आणि पासवर्ड त्याच्याच डोक्यात असतो. घरातल्या आणखी एका विश्वासू माणसाला वही कुठे आहे ते माहीत असू द्या. अम्मींनाही सांगा.

पैसे गेलेच तर लाजेने गप्प बसू नका. लगेच १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढे सरकण्याआधी खातं गोठवता आलं तर ते परत मिळण्याची आशा असते, म्हणून इथे प्रत्येक तास महत्त्वाचा आहे.

साठवण: एक प्रत तारेपासून दूर

जून २०१७ मध्ये मर्स्क या जगातल्या फार मोठ्या जहाज कंपनीवर 'नॉटपेट्या' नावाचा व्हायरस आला. तिचे जगभरचे कॉम्प्युटर काही तासांत निकामी झाले. सगळ्या जाळ्याचा नकाशा ज्या सर्व्हरवर असतो, त्याच्या जगात दीडशेच्या आसपास प्रती होत्या. पण त्या एकमेकींना जोडलेल्या असल्याने सगळ्या एकदमच गेल्या. वाचली फक्त एक, आफ्रिकेतल्या घानामधली. कारण त्या वेळी तिथली लाइट गेली होती आणि तो सर्व्हर बंद पडला होता. कंपनीचा माणूस ती डिस्क घेऊन विमानाने निघाला, नायजेरियाच्या विमानतळावर ती दुसऱ्याच्या हाती दिली आणि तिथून ती इंग्लंडला पोहोचली. तिच्यावरून कंपनीने आपलं जाळं पुन्हा उभं केलं.

यातून घरासाठी निघणारा धडा असा: जोडलेल्या प्रती कितीही असोत, त्या एकत्र जातात. कॉम्प्युटरला कायम लावून ठेवलेली हार्ड डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. वीज पडली किंवा कुलूप लावणारा व्हायरस आला, तर दोन्ही जातील. कॉपी झाली की काढून ठेवा.

जाणकार ३-२-१ असा नियम सांगतात. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. आपल्याकडे तो असा बसवता येईल:

१. पहिली प्रत कॉम्प्युटरमध्ये.

२. दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर. ती प्लास्टिकच्या घट्ट डब्यात, वरच्या फळीवर ठेवा.

३. तिसरी घराबाहेर. नेट बरं असेल तर गुगल ड्राइव्हवर, तिथे १५ जीबी मोफत आहे. नेट जेमतेम असेल तर महत्त्वाचे कागद पेनड्राइव्हवर घालून चंद्रपूर-बल्लारपूरच्या मामूंकडे किंवा खालाकडे ठेवा. एका घरात पूर आला तरी दुसऱ्या घरातली प्रत राहते. त्यांची प्रत तुम्ही तुमच्याकडे ठेवा. सेव्हन-झिपने पासवर्ड लावून फाइली गुंडाळल्या, तर पेनड्राइव्ह हरवला तरी चिंता नाही.

गुगलच्या १५ जीबीत ईमेल, फोटो आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअॅपचा बॅकअपही मोजला जातो. म्हणून व्हिडिओ तिथे टाकू नका, कागदांना जागा ठेवा. आणि दोन वर्षं खातं वापरलंच नाही तर गुगल ते काढून टाकू शकतं, म्हणून अधूनमधून लॉगिन करा.

डिजिलॉकरमध्ये एक फरक ओळखा. सरकारी खात्याने थेट जारी केलेला दाखला कायद्याने मुळासारखाच धरला जातो. आपण स्कॅन करून चढवलेला कागद नुसती प्रत असतो. काझीसाहेबांकडून मिळालेला निकाहनामा किंवा जुनं खरेदीखत तिथे आपोआप येत नाही, ते आपल्यालाच जपावं लागतं.

साठवणीची साधनं घेताना फसू नका. काही शे रुपयांत दोन टीबीचा पेनड्राइव्ह मिळत नाही. तसा दिसला तर तो खोटा आहे. तो फाइली घेतल्यासारखं दाखवतो आणि नंतर त्या उघडत नाहीत. उलट एक टीबीच्या हार्ड डिस्कवर ९३१ जीबी दिसले तर ती फसवणूक नाही. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने. निकाहचा मोठा व्हिडिओ पेनड्राइव्हवर जात नसेल, तर तो बहुधा एफएटी-३२ पद्धतीचा आहे. त्यात चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. आतलं सगळं काढून घेऊन तो एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करा. आणि पेनड्राइव्ह वर्षानुवर्षं जपण्याची वस्तू नाही, नुसता पडून राहिला तरी त्यातला मजकूर हळूहळू जाऊ शकतो.

नवा लॅपटॉप घेतला असेल तर आणखी एक काम आजच करा. विंडोज ११ च्या अनेक नव्या मशीनवर हार्ड डिस्कला आपोआप कुलूप लागलेलं असतं. त्याची ४८ आकडी किल्ली तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. दुकानदाराने स्वतःच्या ईमेलने मशीन सुरू करून दिलं असेल, तर किल्ली त्याच्या खात्यात गेलेली असू शकते. ती शोधून वहीत उतरवा.

स्कॅन करताना

सरकारी पोर्टलवर फाइल काही केबीतच बसावी लागते, म्हणून लोक स्कॅन लहान करतात आणि तोच ठेवतात. पुढे तो छापला की शिक्का वाचता येत नाही. मूळ कागद ३०० डीपीआयवर रंगीत स्कॅन करा, तो कायम ठेवा आणि पोर्टलसाठी वेगळी लहान प्रत बनवा. व्हॉट्सअॅपवर कागद पाठवायचा तर फोटो म्हणून नाही, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर तो आपोआप बारीक होतो. फाइलीला नाव देताना वर्ष, माणूस आणि कागद असा क्रम ठेवा. 'स्कॅन ००३४' मध्ये काय आहे ते दोन वर्षांनी कुणालाच आठवत नाही.

या आठवड्यात काय करावं

सगळं एका दिवसात होणार नाही. पहिल्या सुट्टीच्या दिवशी घरातल्या प्रत्येकाचे दहा महत्त्वाचे कागद स्कॅन करा. दुसऱ्या दिवशी त्यांची प्रत हार्ड डिस्कवर घ्या आणि डिस्क काढून ठेवा. पुढच्या वेळी नातेवाइकांकडे जाल तेव्हा तिसरी प्रत सोबत न्या. अपडेट चालू आहे का ते पाहा, ईमेलचा पासवर्ड बदला, वही लिहा.

आणि वर्षातून एकदा, ईदच्या आधी घराची सफाई निघते तेव्हा, ती हार्ड डिस्क दुसऱ्याच मशीनला लावून चार फाइली उघडून पाहा. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर विसंबू नका. मूळ कागदही त्याच दिवशी तपासा. वाळवी आणि ओल स्कॅनची वाट पाहत नाहीत.